गार पाण्याची तक्रार

देवतळे सरांना गार पाणी येत होतं आणि त्यांच्या पत्नीला गरम. बाथरूम एकच, नळही एकच.

"मी गेलो की बर्फ," सर म्हणाले. "माझ्यामागून ही गेली की वाफाळतं. मशीनचं माझ्याशी काही वाकडं आहे का, ते बघा जरा."

सुलभा खंडारे स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी उघडत होती. चिखलदऱ्याच्या पठारावर निवृत्त लोकांसाठी बांधलेल्या या वसाहतीतले पाइप, नळ आणि गरम पाणी, सगळं तिच्याकडे होतं. डिसेंबरात इथे पहाटे गवतावर दंव गोठायचं. बाकीच्या तक्रारी थांबू शकत, गरम पाण्याची नाही.

तिने कॉइल तपासली, व्हॉल्व्ह खोलून साफ केला, सेन्सर बदलला. कशातच दोष नव्हता. शेवटी तिने टॅबवर त्या घराचं पान उघडलं. तिथे माणसांची नावं नसायची, हात असायचे. या घरात दोन हात होते. एका हातापुढे येत्या आठवड्याचे सगळे चौकोन केशरी होते. दुसऱ्यापुढचे सगळे रिकामे. केशरी म्हणजे त्या दिवशी त्या हातासाठी पाणी तापणार, रिकामा म्हणजे नाही.

"काका, तुम्ही गावाला जाणार आहात का कुठे?"

"गावाला? मला बसमध्ये बसवत नाही. अमरावतीसुद्धा वर्षभरात पाहिली नाही."

मशीन चुकलं असेल, असं तिला वाटलं. तिने त्यांना पेटीखालचं बटण दाखवलं. आंघोळीच्या थोडं आधी ते दाबलं की पाणी मुकाट्याने तापायचं. सर खूश झाले.

हे मशीन वसाहतीत येऊन वर्ष झालं होतं. त्याचं नाव 'चाहूल'. साधा गीझर पाणी तापवून ठेवतो, आणि ते वापरलं नाही तर ती उष्णता वाया जाते. चाहूल फक्त येणाऱ्या माणसापुरतं पाणी, तो यायच्या जरा आधी तापवायची. त्यासाठी घरात कोण कधी नळापाशी येणार हे कळायला हवं, आणि बाथरूममध्ये कॅमेरा कोणी लावू दिला नसता. पण पाइपातल्या पाण्यालाच ते कळतं. नळ उघडला किंवा बंद केला की पाण्यात दाबाची एक लहर उठते आणि पाइपभर धावते. जुन्या घरांत नळ झटकन बंद केला की भिंतीत ठक्कन आवाज येतो, तो त्या लहरीचाच. घराच्या मुख्य पाइपावर बसवलेला सेन्सर ही लहर टिपतो. कोणी नळ एका झटक्यात फिरवतं, कोणी मध्येच अडखळतं, कोणाचं मनगट शेवटी किंचित मागे येतं. ही लहर सहीसारखी असते, एकाची दुसऱ्यासारखी नाही. थोड्याच दिवसांत मशीन घरातला प्रत्येक हात ओळखू लागतं, आणि मग रोज एका प्रश्नाचं उत्तर काढत बसतं. हा हात उद्या येणार का?

गावाला निघालेल्या माणसाच्या हातांत घाई येते, तो कपडे जास्त धुतो, भांडी लवकर आवरतो. चाहूल ते ओळखायची आणि त्याचं पाणी तापवायचं थांबवायची. वर्षभर हे सगळं सुरळीत चाललं होतं.

देवतळे सर त्याच आठवड्यात गेले. सकाळी फिरायला गेले होते, दरीच्या काठावरच्या बाकावर बसले आणि उठलेच नाहीत.

सुलभा भेटायला गेली तेव्हा उषाताई देवतळे तिचा हात धरून म्हणाल्या, "शेवटच्या आंघोळी गरम पाण्याने झाल्या त्यांच्या. तुझ्यामुळे."



पुढची तक्रार साबळे वहिनींची आली. तीच गोष्ट, नवऱ्याला गरम आणि त्यांना गार. या वेळी सुलभाने पेटी उघडायच्या आधी टॅब उघडला. एक हात केशरी, एक रिकामा. वहिनी कुठे जाणार नव्हत्या. उलट त्यांची बहीण त्यांच्याकडे राहायला येणार होती. बहीण आली, ती बाराव्या-तेराव्यापर्यंत राहिली.

त्यानंतर सुलभाने पुण्याला केतकी लिमयेला फोन लावला. केतकी चाहूल बनवणाऱ्या कंपनीत मशीनचं गणित सांभाळायची. तिने सगळं ऐकून घेतलं, मग बराच वेळ फोनवर तिच्या टाइप करण्याचा आवाज येत राहिला.

"आम्ही तिला मरणाबद्दल काही शिकवलेलं नाही," केतकी म्हणाली. "तिला ते काय असतं हेही माहीत नाही. पण देशभरच्या घरांतले हात तिने पाहिलेत. त्यातले काही यायचे बंद झाले. बंद व्हायच्या आधी ते कसे फिरत होते, हे तिच्याकडे आहे. पकड सैल होते, थरथर वाढते, नळ पुरता बंद होत नाही. डॉक्टरला दिसणार नाही इतका बारीक फरक असतो. तिने तो हेरला. तिच्या लेखी तो फक्त विजेच्या बचतीचा प्रश्न आहे."

"म्हणजे माणूस जाणार हे तिला कळतं?"

"माणूस येणार नाही, हे कळतं. का येणार नाही, ते नाही."

"मग मी लोकांना काय सांगू?"

केतकीने वरच्या लोकांशी बोलते म्हणून फोन ठेवला.

तिसरी तक्रार अनसूयाबाई हिवसेंची. त्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. सुलभा टॅब हातात घेऊन त्यांच्या दारात नुसती उभी राहिली. पेटीला हात लावायला ती पुढे होईना, तेव्हा बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"देवतळ्यांकडे तूच गेली होतीस ना? आणि साबळ्यांकडे?"

"हो."

"बस. आणि मला सांग काय दिसून राहिलं त्यात."

सुलभाने सांगितलं. अनसूयाबाईंनी चष्मा पुसला, कपाटातून पिशवी काढली, तिच्यात दोन लुगडी टाकली आणि म्हणाल्या, "परतवाड्याला जायला गाडी मिळते का बघ."

परतवाड्याच्या डॉक्टरांनी त्यांना तसंच अमरावतीला पाठवलं. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. अनसूयाबाई बऱ्या होऊन परत आल्या. त्यांनी घरी पहिल्यांदा नळ फिरवला तेव्हा सुलभा टॅब घेऊन शेजारी उभी होती. संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातापुढचे चौकोन एकेक करून केशरी झाले.

बाईंनी ही गोष्ट लपवली नाही. त्यांना वाटलं, लोकांना उपयोग होईल. झालाही. पण वसाहत बदलली.

सकाळी घराघरांत माणसं नळाखाली हात धरून उभी राहू लागली. पाणी गरम होईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नसे. गरम झालं की स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज सुरू व्हायचे, रेडिओ लागायचा. साबळ्यांनी नळ वापरणंच सोडलं. ते अंगणात तीन दगडांची चूल मांडून पाणी तापवत. उषाताई देवतळे रोज सुलभाला विचारायच्या, "माझं दिसतंय ना गं?" आणि हो म्हटल्यावर त्यांना आनंद झाला की नाही हे त्यांच्या तोंडावरून कळायचं नाही. एका घरात नवऱ्याचं पाणी गार आलं आणि बायकोने ते त्याला कळू नये म्हणून त्याच्या आधी उठून बटण दाबायला सुरुवात केली. त्याला सांगणार नाही, असं वचन तिने सुलभाकडून घेतलं. सुलभाने ते दिलं आणि त्याच दुपारी मोडलं, त्या माणसाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे. तिला सांगू नका, मला माहीत आहे म्हणून."

तो दवाखान्यात गेला नाही.

सुलभाला आता कोणी चहाला बोलावत नव्हतं. ती रस्त्याने टॅब घेऊन निघाली की समोरून येणारी माणसं थांबून आधी ती कुठल्या घराकडे वळते ते पाहायची.

एका सकाळी तिच्या स्वतःच्या बालदीत गार पाणी पडलं.

वसाहतीच्या टोकाला कामगारांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांत ती वडिलांबरोबर राहायची. शेषराव खंडारे वनखात्यात ड्रायव्हर होते. मेळघाटातले सगळे रस्ते त्यांना अजून पाठ होते, पण आता गुडघे साथ देत नव्हते. लग्न मोडून सुलभा परत आली त्याला बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून घरात दोघंच.

टॅब उघडताना तिला वाटलं, हे बाबांचं असणार, आपण चुकून त्यांच्या वेळेला आलो. पण बाबांचा हात पूर्ण केशरी होता. रिकामा होता तो तिचा.

बाबांना तिने काही सांगितलं नाही. कामाचं निमित्त काढून अमरावतीला गेली, ज्या ज्या तपासण्या होत्या त्या सगळ्या करून घेतल्या. डॉक्टरांनी कागद परत देत विचारलं, "तुम्हाला नेमका त्रास काय होतोय?"

"पाणी गार येतंय," असं ती म्हणणार होती. म्हणाली नाही.

परत येऊन तिने केतकीला फोन केला.

"तब्येत चांगली आहे ना? मग दुसरं कारण असेल," केतकी म्हणाली. "घर सोडून जाणाऱ्यांचेही हात बदलतात. बदलीवर जाणाऱ्यांचे, सासरी जाणाऱ्या मुलींचे. ते नळाकडे न बघता नळ फिरवतात. तुम्ही कुठे जाणार आहात का?"

"नाही."

"आमच्या नागपूरच्या ट्रेनिंग सेंटरची जागा तुम्हाला देऊ केली आहे ना? तुमचं नाव मी पाहिलं होतं."

"मी नाही म्हणणार आहे. बाबांना सोडून कशी जाऊ?"

"म्हणजे अजून म्हणाला नाहीत."

सुलभाने फोन ठेवला. तिने नागपूरला उत्तर पाठवलं नव्हतं हे खरं होतं. रोज पाठवायचं राहून जात होतं. त्या दिवशी तिने ते लिहायला घेतलं, आणि आपण हे स्वतःच्या मनाने लिहितोय की मशीनला खोटं पाडायला, हे तिला ठरवता येईना. उत्तर तसंच राहिलं. तिने बटणही दाबलं नाही. हिवाळाभर ती गार पाण्याने आंघोळ करत राहिली. रोज नळ नीट बघून फिरवायची, अगदी पूर्वीसारखा. पाणी गारच यायचं.

एकदा ती बाथरूममधून बाहेर आली तर बाबा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते.

"सुलू, तू आत गेल्यावर वाफ येत नाही. कवापासून चालून राहिलं हे?"

तिचा चेहरा पाहून ते घाबरतील म्हणून ती घाईने म्हणाली, "मी ठीक आहे बाबा. सगळं तपासलं मी."

"ते मले माहीत आहे. तुझ्या पिशवीत कागद पाहिले. नागपूरचं काय केलं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ते जाऊ दे. मशीनले समजलं आन् मले समजत नाही, असं वाटते का तुले? तू महिनाभरापासून भाकरी थापता थापता खिडकीबाहेर पाहून राहिली."

"तुम्हाला एकट्याला टाकून मी जाणार नाही."

"एकटा काहून? मी बी येतो न तुझ्यासंग. इथं तरी काय आहे माझं?"

तो दिवस तिला हलका गेला. तिने नागपूरला होकार कळवला, खोली पाहिली. बाबांनी आपली ट्रंक काढून पुसली. अनसूयाबाईंनी तिखट-मिठाच्या पुऱ्या करून द्यायचं कबूल केलं.

फक्त टॅबवर बाबांचे चौकोन केशरी राहिले. निघायचा दिवस जवळ येत गेला, तिच्या हातापुढे सगळं रिकामं, आणि बाबांच्या हातापुढे निघायच्या दिवशी केशरी, त्याच्या पुढच्या दिवशीही केशरी. मशीनला कधीतरी चुकायलाच हवं, असं तिने स्वतःला सांगितलं.

निघायच्या सकाळी गाडी दाराशी उभी होती. बाबा आंघोळीला गेले. सुलभा बाहेर सामानाला दोऱ्या बांधत होती. आत आली तेव्हा बाथरूमच्या दाराखालून वाफ येत होती, नेहमीसारखी, दाट. ती जागीच थांबली.

बाबा बाहेर आले ते घरातला जुना सदरा घालून. काढून ठेवलेले प्रवासाचे कपडे खाटेवर तसेच होते.

"तुम्ही येणार नव्हतातच," ती म्हणाली.

"येतो म्हटलं नसतं तर तू गेली असती का?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात अजून गरम होता. "जाय. गाडीवाला खोळंबला."

ती गेली. वाटेत घाट उतरताना दोनदा तिने गाडी थांबवायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.

नागपुरात ती नव्या लोकांना चाहूल शिकवू लागली. त्यामुळे सगळ्या वसाहतींची पानं तिला दिसत. सकाळी चहाआधी ती चिखलदऱ्याचं पान उघडायची. बाबांचा हात केशरी दिसला की चहा ठेवायची. बाबांना हे माहीत होतं. "आज पाहिलं न? मंग कशाले फोन केला?" असं ते म्हणत. हळूहळू फोन कमी झाले. विचारण्यासारखं काही उरतच नव्हतं. ते आहेत, उद्याही असणार आहेत, एवढं तिला रोज कळत होतं, आणि त्यांचा आवाज ऐकून किती दिवस झाले हे मात्र आठवावं लागत होतं.

पावसाळा संपता संपता एका सकाळी तो हात रिकामा झाला.

तिने फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग अनसूयाबाईंना लावला. त्या चप्पल न घालताच निघाल्या, फोन चालू ठेवून. सुलभाला त्यांचं धापा टाकणं ऐकू येत होतं, मग दार ठोकल्याचा आवाज.

"कुलूप आहे बाहेरून," अनसूयाबाई म्हणाल्या.

"कुलूप?"

"हो. आणि दाराबाहेरच्या कोपऱ्यात काठी नाही त्यांची."

सुलभाने परतवाड्याच्या दवाखान्यात फोन केला, पोलीस चौकीत केला, वनखात्यातल्या त्यांच्या जुन्या सोबत्याला केला. दुपार झाली तरी कोणालाच काही माहीत नव्हतं. चिखलदऱ्याला निघण्यासाठी तिने पिशवी भरली, दाराला कुलूप घालायला वळली, आणि जिन्यावर काठीचा आवाज आला.

शेषराव एकेक पायरी थांबत चढत होते. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात सीताफळं.

"फोन घरीच राहिला," ते म्हणाले. "चार घरं विचारत आलो. तुह्या इथं सगळी दारं सारखीच आहेत."

ती त्यांना धरून आत घेऊन आली. पाणी दिलं. 

"फोन करत नाही तू," बाबा म्हणाले. "म्हटलं, आपणच पाहून यावं. रविवारी जातो परत."

ते सीताफळं काढून परातीत मांडत असताना तिने टॅब उघडला. आजचा चौकोन रिकामा, ते बरोबर होतं. उद्याचा, परवाचा रिकामा. रविवारचा रिकामा. सोमवारचाही. जिथपर्यंत पान सरकत होतं तिथपर्यंत एकही चौकोन केशरी नव्हता.

तिने टॅब उलटा ठेवला.

"बाबा, रविवारी जायचं नाही."

"काहून?"

"मला करमत नाही इथे एकटीला."

ते खरंच होतं, पण बोलताना तिचा आवाज हलला. बाबांनी हातातलं सीताफळ खाली ठेवलं. उलट्या टॅबकडे पाहिलं, मग तिच्याकडे. 

"बरं," ते म्हणाले. "घराची किल्ली अनसूयाबाईले पाठवून देऊ."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की वयाच्या मानाने उत्तम आहे, गुडघे सोडले तर काही नाही. सुलभाने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं. बाबा राहिले. रविवार आला आणि गेला. पुढेही बरेच रविवार गेले, थंडी आली. न येणारा हात चाहूल काही काळाने पुसून टाकते. एका सकाळी चिखलदऱ्याच्या पानावर त्या घरापुढे कोणताच हात उरला नाही. मशीन बरोबर होतं. ते स्वतःच्या हिशोबाने बरोबर ठरलं की तिने बाबांना ठेवून घेतल्यामुळे, याचा विचार तिने काही दिवस केला, मग सोडून दिला.

तिच्या इमारतीतल्या लोकांनी चाहूल बसवायचं काढलं तेव्हा तिने आपल्या घरापुरतं नाही म्हणून सांगितलं. भिंतीवर साधा गीझर आहे. तो कोणासाठीही पाणी तापवतो.

तरी सकाळी बाबा आंघोळीला गेले की ती गॅस बारीक करते आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहते. नळ फिरतो. मध्ये किंचित थांबतो, पुन्हा फिरतो. काल असाच थांबला होता का, हे तिला आठवत नाही. ती कान देऊन ऐकते. बालदीत पाणी पडायला लागतं.

"सुलू," आतून बाबांचा आवाज येतो. "जाय न आता. गरम आहे पाणी."